शहराच्या पोलिसांचं संग्रहालय उभं करताना : काचेची कपाटं सगळ्यात शेवटी

सुरुवात बहुतेक ठिकाणी सारखीच होते. एखादे निवृत्त अंमलदार जातात. घर आवरताना माळ्यावरची पत्र्याची ट्रंक खाली येते. आत जुना गणवेश, दोरीला बांधलेली शिट्टी, बिल्ला, एक-दोन पदकं, ज्यातली नावं आता कोणालाच आठवत नाहीत असा तुकडीचा फोटो आणि बारीक अक्षरात भरलेल्या खिशातल्या वह्या. घरच्यांना ते टाकवत नाही आणि ठेवायला जागा नसते. ठाण्यात फोन केला तर तिथेही जागा नसते. मग निवृत्तांच्या बैठकीत कोणीतरी म्हणतं, ‘आपणच संग्रहालय काढू या.’ सगळ्यांना ते पटतं, वर्गणी जमते आणि पहिली खरेदी होते ती काचेच्या कपाटांची.

नेमकी इथेच पहिली चूक होते. कपाटं आली की ती भरावी लागतात, मग येईल ती वस्तू आत जाते. पाच वर्षांनी कपाट उघडलं की वस्तू असतात. पण कोणाच्या, कधीच्या आणि आल्या कुठून, हे सांगणारा माणूस उरलेला नसतो.

सिडनीचं उदाहरण बघा. तिथल्या न्याय आणि पोलीस संग्रहालयाकडे पोलिसांनी काढलेल्या छायाचित्रांच्या सुमारे १,३०,००० निगेटिव्ह आहेत. १९१० पासून १९६० च्या दशकापर्यंतच्या. १९९० च्या सुमारास पाणी शिरलेल्या गोदामातून त्या वाचवल्या गेल्या. संशयितांचे चेहरे, घटनास्थळं, चुरडलेल्या मोटारी, रिकाम्या खोल्या असा पोलिसी छायाचित्रांचा तो जगातल्या मोठ्या साठ्यांपैकी एक. पण निगेटिव्हबरोबरची कागदपत्रं बहुतांशी गेलेली. त्यामुळे कित्येक चित्रांबद्दल आज फक्त अंदाज करता येतो : हा माणूस आरोपी होता, साक्षीदार होता की मृताचा भाऊ? वर्षानुवर्षं अभ्यासक वर्तमानपत्रं आणि न्यायालयाच्या नोंदी चाळून एकेका चेहऱ्याला नाव मिळवत आले आहेत. तुमच्याकडे एवढे अभ्यासक नसणार. तेव्हा वस्तू दारातून आत येते त्या क्षणीच तिची हकिकत लिहून घ्या. पुढचं सगळं काम या एका सवयीवर उभं राहतं.

आधी ठरवा : संग्रहालय कोणाचं?

पोलिसांशी संबंधित संग्रहालयं जगात तीन-चार तऱ्हांनी जन्माला आली. लंडनच्या स्कॉटलंड यार्डमधला संग्रह मूळचा शिकवण्यासाठी. १८६९ च्या एका कायद्याने कैद्यांच्या काही वस्तू प्रशिक्षणासाठी ठेवून घ्यायची मुभा पोलिसांना मिळाली, त्यातून तो वाढला. १८७७ मध्ये एका वार्ताहराने त्याला ‘काळं संग्रहालय’ म्हटलं आणि तेच नाव लोकांच्या तोंडी बसलं. सामान्य माणसाला तो पाहायला मिळत नसे. त्यातल्या वस्तूंचं मोठं सार्वजनिक प्रदर्शन झालं ते थेट २०१५ मध्ये. पॅरिसचं संग्रहालय तिथले पोलीसप्रमुख लुई लेपीन यांनी १९०९ मध्ये, १९०० च्या जागतिक प्रदर्शनासाठी जमवलेल्या साहित्यातून सुरू केलं. ते आजही एका चालू पोलीस ठाण्याच्या इमारतीत आहे. आणि तिसरी तऱ्हा, जी आपल्या कामाची : व्हँकुव्हरमध्ये १९८३ मध्ये इतिहासप्रेमींची एक ना-नफा संस्था स्थापन झाली आणि दलाच्या शताब्दीला, १९८६ मध्ये, तिने संग्रहालय उघडलं. लॉस एंजलिसमधली अशी संस्था १९८९ ची. तिचं संग्रहालय १९२० च्या दशकात बांधलेल्या जुन्या ठाण्यात आहे.

वेगळ्या संस्थेचा आग्रह कशासाठी? कारण अधिकारी बदलतात. आजचे प्रमुख उत्साही असतात, उद्याच्यांना तीच खोली सर्व्हर ठेवायला हवी असते. संग्रह दलाच्या मालकीचा आणि दलाच्याच खोलीत असेल तर एका आदेशावर तो तळघरात जाऊ शकतो. दुसरं कारण अधिक महत्त्वाचं. पोलिसांचा इतिहास म्हणजे केवळ पोलिसांनी केलेल्या कामांचा इतिहास नसतो. ज्यांना अटक झाली, ज्यांच्यावर लाठी चालली, ज्यांची तक्रार कोणी लिहून घेतली नाही, त्यांचाही तो असतो. हे सांगायचं तर संस्थेच्या पायाखाली स्वतःची जमीन हवी.

म्हणून आपल्या देशाच्या कायद्यानुसार न्यास किंवा ना-नफा संस्था नोंदवा आणि कार्यकारिणीत निवृत्त पोलिसांची संख्या निम्म्याहून कमी ठेवा. हे ऐकून पहिल्या बैठकीत नाराजी होते, ती होऊ द्या. उरलेल्या जागांवर एखादा इतिहासाचा शिक्षक, एखादा वकील, हिशेब पाहणारं माणूस, जमल्यास अभिलेखागारात काम केलेलं कोणी आणि शहरातली अशी एक व्यक्ती हवी, जिचा पोलिसांशी संबंध टेबलाच्या दुसऱ्या बाजूने आला आहे.

दलाबरोबर लेखी करार करा. जागा कोणाची आणि किती वर्षांसाठी, दलाने दिलेल्या वस्तूंची मालकी कोणाची, नुकसान झालं तर जबाबदार कोण, जुन्या नोंदी कोणाला पाहता येतील आणि प्रदर्शनातल्या मजकुरावर शेवटचा शब्द कोणाचा, एवढ्या पाच गोष्टी त्यात नि:संदिग्ध हव्यात. पाचवीवर घासाघीस होईल. दलाने मजकूर आधी वाचावा, तथ्यातल्या चुका दाखवाव्यात, हे योग्यच. पण मंजुरीचा अधिकार मात्र संस्थेकडेच राहायला हवा.

‘हे माझंच आहे’ यावर लगेच विश्वास ठेवू नका

देणारा प्रामाणिक असतो, पण मालक असतोच असं नाही. सेवेत मिळालेला बिल्ला, पिस्तूल, बिनतारी संच या वस्तू अनेक दलांमध्ये निवृत्तीनंतर परत करायच्या असतात. ठाण्यातली डायरी, गुन्ह्यांची नोंदवही, आरोपींच्या फोटोंचे अल्बम ही सरकारी कागदपत्रं. कोणी रद्दीत जाण्यापासून वाचवून घरी नेली असतील. हेतू चांगला, तरी मालकी शासनाचीच. आणि मुद्देमाल तर सगळ्यात नाजूक. खटला संपला की जप्त वस्तूचं काय करायचं हे न्यायालय ठरवतं, कपाट साफ करणारा कारकून ठरवत नाही. अशी वस्तू पुढे आली तर दलाकडून आणि अभिलेखागाराकडून लेखी परवानगी किंवा अधिकृत उसनवारी घ्या.

वस्तू खरोखर देणाऱ्याची असेल तर देणगीपत्र भरून घ्या. एक पान पुरतं : वस्तूंचं वर्णन, मालकी पूर्णपणे संस्थेकडे जात असल्याचं विधान, प्रदर्शनात ठेवण्याची सक्ती नसल्याचं विधान, लेखन आणि फोटोंच्या हक्कांबद्दल एक ओळ आणि दोन्ही बाजूंच्या सह्या. भावंडं असतील तर सगळ्यांना कल्पना आहे ना, हे विचारा. दहा वर्षांनी एक पुतण्या येऊन ‘आजोबांचं पदक परत द्या’ म्हणतो तेव्हा हेच पान उपयोगी पडतं.

‘कायमची उसनवारी’ हा प्रकार मात्र टाळा. कायमचं असेल तर ती देणगी. उसनं असेल तर परत करायची तारीख हवी. तारीख नसलेल्या वस्तू सांभाळायच्या तुम्ही आणि हक्क सांगणार दुसरा.

नाही म्हणायलाही शिका. सुरुवातीलाच पानभर धोरण लिहा : कोणत्या शहराचं, कोणत्या काळाचं, कसलं साहित्य घेणार. तेराव्यांदा तीच टोपी आली आणि तिच्याबरोबर माणसाची हकिकत नसेल, तर आभार मानून परत द्या. परगावच्या दलांचे हौशी संग्राहकांनी जमवलेले बिल्ले पेटीभर येतात, तेही तसेच.

नोंदवही

संगणक असो वा नसो, एक जाड, शिवलेल्या बांधणीची वही आणा आणि न फिकटणाऱ्या शाईने लिहा. प्रत्येक वस्तूला क्रमांक. सोपी पद्धत अशी : वर्ष, त्या वर्षातल्या देणगीचा क्रमांक, त्या देणगीतल्या वस्तूचा क्रमांक. २०२५.७.३ म्हणजे २०२५ मधल्या सातव्या देणगीतली तिसरी वस्तू. क्रमांकात ‘टोपी’, ‘लाठी’ असे संकेत घुसडू नका. शिट्टी, साखळी आणि खिशाचं बटण एकत्र आलं की गोंधळ सुरू होतो. वस्तू काढून टाकली तरी तिचा क्रमांक पुन्हा कोणाला देऊ नका.

क्रमांकापुढे काय लिहाल? वस्तूचं नाव, माप, कशाची बनलेली, त्यावरचा मजकूर जसाच्या तसा, मोडतोड, फोटो, ठेवण्याची जागा. हे सगळे लिहितात. राहून जातो तो हकिकतीचा रकाना. देणाऱ्याला समोर बसवा, चहा द्या आणि विचारा : ही कोणी वापरली? कोणत्या ठाण्यात, कोणत्या पदावर? रोज की सणावाराच्या बंदोबस्तालाच? हा डाग कशाचा? खिसा असा का शिवलाय? तुमच्यापर्यंत कशी आली? उत्तरं त्यांच्याच शब्दांत उतरवा आणि ‘ऐकीव’, ‘स्वतः पाहिलेलं’, ‘कागदावर आहे’ असा शेरा प्रत्येकापुढे मारा. पोलिसांमध्ये कहाण्या हातोहात वाढतात. ‘त्या प्रसिद्ध दरोडेखोराला घातलेल्या याच बेड्या’ असं म्हणणाऱ्या तीन बेड्या एकाच शहरात निघू शकतात.

क्रमांक वस्तूवरही हवा, पण असा की गरज पडली तर काढता यावा. लाकूड आणि धातूवर आधी पॅरालॉइड बी-७२ या रेझिनचा पातळ पट्टा, तो वाळल्यावर वर शाईने क्रमांक आणि त्यावर पुन्हा एक थर. कापडाला क्रमांक लिहिलेली सुती फीत दोन-चार सैल टाक्यांनी. कागदाच्या मागे मऊ पेन्सिलीने. चिकटपट्टी, बॉलपेन आणि स्टेपल यांना दाराबाहेरच थांबवा.

वहीचं दर पान स्कॅन करून एक प्रत दुसऱ्या इमारतीत ठेवा. कंटाळवाणं काम आहे. पण आग लागली तर काय काय होतं, एवढं तरी सांगता येईल.

ज्या वस्तूंना आधी हात लावायचा नाही

पोलिसांचा संग्रह हा भांड्याकुंड्यांच्या किंवा नाण्यांच्या संग्रहासारखा निरुपद्रवी नसतो. ट्रंकेत काडतुसं निघतात, जुना हातबॉम्ब ‘निकामीच आहे’ म्हणून शोकेसमध्ये वर्षानुवर्षं बसलेला असतो. तसा संशय आला तर वस्तू हलवू नका, खोली रिकामी करा आणि बॉम्बशोधक पथकाला बोलवा. इतिहासात याला चांगला आधार आहे. १९०८ मध्ये कलकत्त्याचे न्यायाधीश किंग्जफर्ड यांना क्रांतिकारकांकडून कायद्याचं एक जाडजूड पुस्तक पार्सल म्हणून आलं. पानं कोरून आत कोकोच्या डब्यात स्फोटकं बसवलेली. त्यांनी ते न उघडताच फडताळात ठेवलं आणि सुमारे वर्षभर ते तसंच पडून होतं. जुनी वस्तू शांत दिसते म्हणून ती शांत असतेच असं नाही.

बंदुकांबाबत तीन गोष्टी पाळा. परवाना आणि निकामी केल्याचा दाखला, दोन्ही कागदोपत्री हवेत. कोणतीही बंदूक आली की माहीतगार माणसाकडून ती रिकामी असल्याची खात्री करून घ्या, आणणारा महासंचालक असला तरी. आणि संग्रहालयात जिवंत काडतूस एकही नको.

प्रशिक्षणासाठी बनवलेल्या अमली पदार्थांच्या नमुन्यांच्या पेट्या, विषाच्या कुप्या, जुन्या प्रयोगशाळेची रसायनं यांचे नमुने खरे असतील तर ते दलाकडे सोपवा. पेटी आणि लेबलं ठेवा. दुसऱ्या महायुद्धाच्या काळातल्या गॅस मास्कच्या गाळणीत ॲस्बेस्टॉस असू शकतं, त्यामुळे मुलांना तोंडाला लावून फोटो काढू देणं बंद. १९५० च्या आधीच्या फिल्मच्या गुंडाळ्या नायट्रेटच्या असण्याची शक्यता असते आणि ती भडकन पेटते. ती वेगळी काढून तज्ज्ञांना दाखवा.

जतन : जेवढं कमी कराल तेवढं बरं

आयुष्यभर बक्कल चकचकीत ठेवलेल्या माणसाला ‘पॉलिश करू नका’ हे पटवणं या सगळ्या उद्योगातलं सगळ्यात अवघड काम. तरीही सांगावं लागतं. पितळ घासताना दर वेळी धातूचा एक थर जातो. शंभर वर्षांपूर्वीच्या बिल्ल्यावरचा क्रमांक पुसट झालेला असतो तो बहुधा घासूनच. आणि क्रमांक गेला की तो बिल्ला कोणाचा हे कधीच कळणार नाही. खाचांमध्ये राहिलेलं पांढरं पॉलिश पुढे धातू खातं ते वेगळंच. मऊ ब्रशने धूळ काढा, नायट्राइल हातमोजे घाला, लोखंडी बेड्यांना संग्रहालयात वापरतात ते सूक्ष्मस्फटिकी मेण पातळसं लावा, संपलं.

चामड्याचे पट्टे, पिस्तुलाची म्यानं, बूट यांना तेल पाजू नका. तेल वरवर टवटवी देतं, मग धूळ धरून चिकट होतं. जुनं चामडं लालसर भुकटी सोडू लागलं तर त्याला काहीही न लावता आम्लरहित कागदात गुंडाळा.

लोकरी गणवेशाचे खरे शत्रू कसर आणि गालिचाकिडा. नवीन आलेला प्रत्येक कपडा आधी पिशवीत बंद करून वेगळ्या खोलीत ठेवा. कीड दिसली तर हवा काढून पिशवी घट्ट बंद करा, उणे २० अंशांच्या फ्रीझरमध्ये दोन आठवडे ठेवा आणि बाहेर काढल्यावर पिशवी न उघडता एक दिवस खोलीच्या तापमानाला येऊ द्या. लाकूड, काच, रंगकाम असलेल्या वस्तूंना हा उपाय नको. डांबराच्या गोळ्या विसरा. त्या माणसालाही बऱ्या नाहीत. कपडा टांगायचा तर रुंद, कापूस भरून कापडाने मढवलेल्या हँगरवर. जड कोट आडवेच बरे. बटणांमागे कागद सरकवा, म्हणजे पितळेची हिरवी बाधा कापडाला होणार नाही.

प्रकाश हळूहळू मारतो. कापड, कागद आणि फोटो यांच्यावर ५० लक्सपेक्षा (लक्स म्हणजे उजेड मोजायचं एकक) जास्त नको, आणि मूळ फोटो सलग महिनोन्‌महिने मांडू नका. चांगली प्रत काढून ती लावा, खाली ‘प्रत’ असं लिहा. आर्द्रता ४० ते ६० टक्क्यांच्या दरम्यान स्थिर राहिली तर बहुतेक वस्तू सुखात असतात. दिवसा वातानुकूलन चालू आणि रात्री बंद, हा झोका त्यांना सगळ्यात त्रासदायक. एक साधा आर्द्रतामापक आणि रोज दोन वेळा टिपलेला आकडा, एवढ्यावरही पुष्कळ कळतं.

आता ती कपाटं. ताज्या प्लायवूडमधून आम्लाची वाफ येते आणि लोकरी फेल्टमधल्या गंधकाने चांदी काळी पडते. म्हणजे मखमलीसारख्या फेल्टवर रुबाबात मांडलेली रुपेरी पदकं हे आपण आपल्या हातांनी केलेलं नुकसान. रंग भाजून बसवलेलं पत्र्याचं कपाट, आत न रंगवलेलं धुतलेलं सुती कापड. दिसायला साधं, पण चालतं. फोटो पीव्हीसीच्या पाकिटात किंवा चिकट पानांच्या अल्बममध्ये ठेवू नका. पॉलिएस्टरची पाकिटं घ्या. आणि कॅसेट, व्हिडिओ टेप असतील तर त्यांचं संगणकीकरण सगळ्या कागदांच्या आधी करा. कागद अजून पन्नास वर्षं थांबेल, टेप थांबणार नाही.

माणसं बोलती करा, लवकर

वस्तूपेक्षा घाई आहे ती आठवणींची. ऐंशीच्या पुढच्या निवृत्तांची यादी करा आणि यादीच्या वरच्या टोकापासून सुरुवात करा.

ध्वनिमुद्रण वेव्ह स्वरूपात, २४ बिट आणि ४८ किलोहर्ट्झवर. पंखा बंद, खिडकी बंद, फोन दुसऱ्या खोलीत. आधी लेखी संमती : मुद्रण कोण ऐकू शकेल, कोणता भाग किती वर्षं बंद ठेवायचा. बोलणाऱ्याला मुलाखतीनंतर एखादा भाग मागे घ्यायची मुभा द्या.

प्रसिद्ध खटल्यांबद्दल आधी विचारू नका. ती गोष्ट त्यांनी शंभरदा सांगितलेली असते, घासून गुळगुळीत झालेली. त्याऐवजी विचारा : पहिल्या रात्रीची गस्त कुठून कुठे होती? पायी किती चालायचात? पावसात काय घालायचात? बिनतारी यंत्र यायच्या आधी मदत कशी मागवायचात? जेवण कुठे? शिक्षा म्हणून कोणतं काम मिळायचं? दलात पहिल्या महिला आल्या तेव्हा कपडे बदलायची खोली होती का? घरी काय सांगायचात, काय नाही? अशा प्रश्नांनी दोन तास कधी जातात कळत नाही, आणि तिसऱ्या तासाला माणूस स्वतःहून त्या विषयावर येतो ज्यावर आजवर बोललेला नसतो. तेव्हा गप्प बसा.

पोलिसांच्या बायका-मुलांच्या, वसाहतीत वाढलेल्यांच्या मुलाखती घ्या. टेलिफोन ऑपरेटर, चालक, श्वान सांभाळणारे, कोठडीतल्यांना डबा पोचवणारे. आणि ज्यांना त्या कोठडीत बसावं लागलं तेही. संपात धरलेले कामगार, मोर्चातले विद्यार्थी, विनाकारण उचललेले लोक. ते लगेच येणार नाहीत. मुलाखत घेणारा निवृत्त पोलीस असेल तर येणारच नाहीत. म्हणून ही जबाबदारी दुसऱ्या कोणाकडे द्या.

जागा

जुनं ठाणं किंवा कोठडी मिळाली तर सोन्याहून पिवळं, कारण इमारत हीच सगळ्यात मोठी वस्तू. मँचेस्टरचं संग्रहालय १८७९ च्या ठाण्यात आहे. कोठडीतल्या लाकडी उशा बघितल्या की लेबल वाचायची गरज उरत नाही. बर्मिंगहॅमची १८९१ ची कोठडी २०१६ पर्यंत प्रत्यक्ष वापरात होती आणि २०२२ मध्ये संग्रहालय म्हणून उघडली. व्हँकुव्हरचं संग्रहालय १९३२ मधल्या शवविच्छेदनगृहाच्या आणि अपमृत्यू न्यायालयाच्या इमारतीत आहे.

अशी जागा ताब्यात आली की रंगारी बोलावण्याआधी सहा महिने थांबा. भिंतींवरच्या ओरखड्यांचे, कोरलेल्या नावांचे, गजांच्या कुलपांचे, घंटेच्या तारांचे फोटो काढा, मोजमापं घ्या. कैद्यांनी दारावर नखाने कोरलेलं दोन थर रंगाखाली गेलं की ते परत येत नाही. त्यानंतर ओल, वायरिंग, जिन्याऐवजी उतार आणि संकटकाळी बाहेर पडायची वाट. कोठडीचं दार बाहेरून बंद होणार नाही अशी व्यवस्था पहिल्याच दिवशी करा. शाळेची सहल आली की कोणीतरी कोणाला तरी कोंडतंच.

गोष्ट सांगताना

आता कुठे मांडणी. एक लेबल असं : ‘पोलीस शिट्टी, धातू, एकोणिसावं शतक.’ दुसरं असं : ‘१८८० च्या दशकापर्यंत लंडनचा गस्तीवरचा शिपाई मदतीसाठी लाकडी खुळखुळा फिरवत असे. तो जड, आणि घोडागाड्यांच्या खडखडाटात ऐकू येईना. बर्मिंगहॅमच्या जोसेफ हडसन यांची शिट्टी त्याच्या जागी आली.’ दुसऱ्यात माणूस दिसतो, रस्ता दिसतो, अडचण दिसते. साठ-सत्तर शब्दांच्या पुढे जाऊ नका. खात्यातले संक्षेप आणि कलमांचे आकडे लेबलावरून हद्दपार करा.

श्रेय कोणाला, हे तपासून लिहा. बोटांच्या ठशांच्या वर्गीकरणाची पद्धत जगभर एडवर्ड हेन्री यांच्या नावाने ओळखली जाते. ती बसवण्याचं बरंचसं काम कलकत्त्यातले त्यांचे दोन सहकारी, अझीझुल हक आणि हेमचंद्र बोस, यांनी केलं. तिथला ठसे विभाग १८९७ चा, लंडनच्या आधीचा. प्रत्येक शहरात असा एखादा शोध, एखादा तपास साहेबाच्या नावावर जमा असतो आणि केलेला असतो हवालदाराने. जुन्या वह्या याच कामाच्या.

एकच वस्तू दोन बाजूंनी पाहता येते, हेही लपवू नका. मघाचा पुस्तक-बॉम्ब कोलकाता पोलिसांच्या संग्रहालयात आहे. हे संग्रहालय १९९६ मध्ये राजा राममोहन राय यांच्या जुन्या घरात सुरू झालं. ज्या दलाने तो गुन्ह्याचा पुरावा म्हणून नोंदला, त्याच दलाच्या भिंतींआड तो आज स्वातंत्र्यलढ्याचा ऐवज म्हणून पाहिला जातो. तुमच्या शहरातही गोळीबार, दंगल, कोठडीतला मृत्यू, लाचखोरीचं प्रकरण असं काहीतरी असेलच. ते वगळलं तर येणारा शहाणा माणूस पहिल्या दहा मिनिटांत ओळखतो की ही जाहिरात आहे, आणि मग खऱ्या शौर्याच्या दालनावरही त्याचा विश्वास बसत नाही. चौकशी अहवाल, न्यायालयाचा निकाल, त्या काळची वर्तमानपत्रं यांच्या आधारे, विशेषणं न लावता लिहा.

बळींच्या बाबतीत माझा नियम कडक आहे. मृतदेहांचे फोटो नाहीत. अल्पवयीन आणि लैंगिक गुन्ह्यांतल्या पीडितांची ओळख नाही, कितीही वर्षं झाली तरी. जवळचे नातेवाईक हयात असतील तर त्यांना आधी भेटा. कायद्याने ती माहिती मांडायला मोकळीक असली तरी भेटा. खुन्याचा मोठा फोटो आणि बळीचं नुसतं वय अशी मांडणी सर्रास दिसते. उलट करा : गेलेल्या माणसाचं नाव, काम, आयुष्य, आणि खुन्याला एक ओळ. रक्ताचे डाग बघायला येणारे थोडे कमी होतील. होऊ द्यात.

पैसा आणि हात

यावर फार लिहिण्यासारखं नाही. सभासद वर्गणी, अनुदानं, शाळांच्या सहली, इमारतीचं भाडं (चित्रीकरणाला जुनी कोठडी हवीच असते) आणि एक छोटं विक्री-कपाट. विक्रीत खऱ्यासारखे दिसणारे बिल्ले आणि ओळखपत्रं ठेवू नका, त्यांचा गैरवापर होतो. ज्यांच्यावर चौकशी चालू आहे किंवा जे दलाला माल पुरवतात, त्यांची देणगी घेताना दोनदा विचार करा. विमा वस्तूंचा काढाल, येणाऱ्या माणसांचाही काढा.

स्वयंसेवकांत निवृत्त पोलीस असणं हा मोठा आधार असतो. लोक त्यांनाच प्रश्न विचारतात. फक्त त्यांना मोकळं सोडताना आधी ठरवून घ्या की जिवंत माणसांच्या नावासह किस्से सांगायचे नाहीत. आठवड्यातून एकच दिवस उघडा, पण ठरलेल्या वेळी नक्की उघडा. पाच दिवसांची पाटी लावून तीन दिवस कुलूप असणं वाईट.

आणि बंद पडलं तर?

हे कलम संस्था नोंदवतानाच घटनेत घालायचं असतं, पण सुचतं शेवटी, म्हणून शेवटी लिहितो. संस्था विसर्जित झाली तर संग्रह कोणाकडे जाईल त्याचं नाव लिहा : शहराचं अभिलेखागार, विद्यापीठ किंवा सरकारी संग्रहालय. त्यांची लेखी संमती आधीच घेऊन ठेवा. सभासदांमध्ये वस्तू वाटून घेता येणार नाहीत आणि लिलाव होणार नाही, हेही त्यात येऊ द्या. कपाटांच्या किल्ल्यांचा दुसरा जुडगा, संगणकाचे पासवर्ड आणि नोंदवहीची प्रत नेमक्या कोणत्या दोन माणसांकडे आहे हे एका बंद लिफाफ्यात लिहा आणि तो लिफाफा वकिलाकडे ठेवा. दर वर्षी वार्षिक सभेच्या दिवशी तो उघडून बघा, कारण त्या दोघांपैकी एक जण एव्हाना मुलीकडे राहायला गेलेला असतो.